अण्णांच्या विमानाचं तोंड

या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे ती भांडायला. खोटं कशाला बोलू? कुणी चकवा लागल्याचं लिहिलं, कुणी विहिरीवरची बाई लिहिली, की खाली येऊन ‘पुरावा काय?’ असं विचारणारी ती मीच. काहींनी मला ब्लॉक केलंय. त्यांनाही कुणीतरी हे पाठवा, आणि पोटभर हसा म्हणावं. हसून झालं की मग वाचा.

मी धाराशिवची. कॉलेजपासून चळवळीत आहे. आमचा सात-आठ जणांचा गट. बाजाराच्या दिवशी गावोगाव जायचं, पत्रकं वाटायची, बुवाबाजी उघडी पाडायची. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं, तीनदा छापलेलं पत्रक — ‘हरवलेलं माणूस काजळात दिसत नाही’. आमच्याकडं अजून माणूस किंवा जनावर हरवलं की लोक काजळ बघणाऱ्याकडं जातात. तो अंगठ्याच्या नखावर काजळ-तेल लावतो आणि त्यात बघून सांगतो — अमुक दिशेला आहे, पाण्याजवळ आहे. एका बाईची सून अशीच तीन दिवस काजळात शोधली गेली आणि चौथ्या दिवशी विहिरीत सापडली. त्या संतापात मी ते पत्रक एका बैठकीत लिहिलं. शेवटच्या ओळी अशा — ‘माणूस हरवल्यावर पहिले काही तास लाखमोलाचे असतात. ते वाया घालवू नका.’

या ओळी लक्षात ठेवा.

आता विमानाचं सांगते.

माझे वडील — अण्णा — जीप चालवायचे. मी शाळेत असताना तेरला एक फ्रेंच संशोधक यायचे. तेर म्हणजे जुनं गाव, जमिनीखाली दोन हजार वर्षांचं काय काय आहे, ते बघायला. सलग तीन हिवाळे अण्णा त्यांच्या गाडीवर होते. कुठल्या शेतात खापरं सापडतात, कुठला मालक आत येऊ देईल, कुठल्या ओढ्यातून जीप निघते, हे सगळं अण्णांना पाठ. शेवटच्या वर्षी जाताना साहेबांनी त्यांना एक खोकं दिलं. आत हे विमान.

खेळणं म्हणू नका. धातूचं, वीतभर लांब, हातात घेतलं की वजन लागतं. दुसऱ्या महायुद्धातलं फ्रेंच बॉम्बर, त्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती. दोन इंजिनं, शेपटीला दोन उभे पंख, पंखांवर निळी-पांढरी-लाल वर्तुळं आणि नाकाला काच. त्या काचेत बसून वाट दाखवायचं काम साहेबांच्या आजोबांनी केलं होतं. एक दिवस ते विमान गेलं ते आलंच नाही. कुठं पडलं, घरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आजोबांच्या बायकोनं म्हणे म्हातारी होईपर्यंत एकच प्रश्न विचारला — निदान कुठल्या दिशेला गेलं तेवढं तरी सांगा.

हे सगळं साहेबांनी मोडक्या हिंदीत सांगितलं, आणि अण्णांच्या डोक्यात ते बसलं.

तेव्हापासून आमच्या घरात एक पद्धत सुरू झाली. विमान पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या शोकेसमध्ये. अण्णा भाडं घेऊन निघाले की आधी विमान उचलायचे आणि तोंड जायच्या दिशेला करायचे. देवाच्या कोपऱ्याकडं तोंड — तेर. घड्याळाच्या भिंतीकडं — येडशी, बार्शी. सैपाकाच्या खोलीच्या दाराकडं — उमरगा, मुरुम. आणि परत आले की चप्पल काढायच्याही आधी विमानाचं तोंड मागं भिंतीकडं, शेपूट दाराकडं. म्हणजे अण्णा घरात. गाडी चालवताना ते फोन घ्यायचे नाहीत. त्यामुळं आई दिवसातून दहादा त्या शोकेसकडं बघायची.

हायवे जवळ, ट्रक गेले की घरातली भांडी वाजायची. विमान हलू नये म्हणून अण्णांनी स्टँडच्या खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले होते. ढकलून ते सरकायचंच नाही, उचलूनच फिरवावं लागायचं. हे मुद्दाम सांगतेय. का ते पुढं कळेल.

चळवळीत गेल्यावर मी एकदा वाद घातला होता. “अण्णा, घरात बॉम्ब टाकणारं विमान कशाला? माणसं मारायचं यंत्र ते.”

अण्णा म्हणाले, “आपल्याकडं आल्यापासून एक बी बॉम्ब टाकला न्हाय बघ त्यानं. नुसता पत्ता सांगतंय.”

साठीच्या आतच अण्णांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं, मग रस्ते. रस्ते विसरलेला ड्रायव्हर... काय बोलायचं. जीप विकली. मग ते दिवसभर घरात बसून विमान फिरवायचे. तेर, येडशी, मुरुम, परत तेर. बसल्या जागी भाडी मारायचे. आईला ते बघवेना. तिनं शोकेसच्या सरकत्या काचांना छोटं कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राच्या पिनेत अडकवली.

मागच्या मे महिन्यात, सकाळी साडेसहाला, आई दूध आणायला गेली. दहा मिनिटांत आली. अण्णा नाहीत.

गल्ली बघितली, एसटी स्टँड बघितलं. घरी येऊन शोकेसकडं बघितलं — तोंड देवाच्या कोपऱ्याकडं. तेर. मला यात काहीच वावगं वाटलं नाही. अण्णांनी फिरवलं असणार, सवयच ती. कुलूप आहे हे त्या गडबडीत माझ्या डोक्यातच आलं नाही. आईच्या आलं होतं. ती बोलली नाही. का बोलली नाही, तेही येईलच.

रफिकचाचांना फोन केला. अण्णांचे जुने दोस्त, तेही ड्रायव्हर, त्यांची जीप अजून चालू आहे. पाच मिनिटांत दारात. जाता जाता पोलीस ठाण्यात फोटो दिला, तिथं त्यांनी लगेच नोंद घेतली. साडेआठला आम्ही तेरमध्ये होतो.

चहाच्या टपरीवाल्यानं फोटो बघितला न बघितला तोच म्हणाला, “आत्ता हितंच बसले होते की हे काका! चहा घेतला. साहेब आले का, म्हनून इचारत होते.”

आत्ता म्हणजे कधी? तर अर्धा तास, पाऊण तास. माझा जीव भांड्यात पडला. सापडले असंच वाटलं! मग आम्ही नदीकाठ बघितला, वस्तुसंग्रहालयाकडं गेलो, देवळं, शेतं, सगळं पालथं घातलं. दहा वाजले, साडेदहा. ऊन असं, की जीपच्या पत्र्याला हात लावता येईना.

अकराला आईचा फोन आला.

“वैशे... इमान फिरलंय.”

“काय?”

“घड्याळाकडं तोंड झालंय. तू येडशीला जा बाई.”

मी स्पष्ट लिहिते. मला आईची दया नाही आली, राग आला. इथं एक एक मिनिट महत्त्वाचं, आणि ही...! मी म्हणाले, “आई, कुणीतरी हात लावला असेल. माणूस शेवटचं जिथं दिसलं तिथं शोधायचं असतं. डोकं ठिकाणावर ठेव.” आणि फोन कापला.

रफिकचाचांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, “चल ना बेटा. येडशी काय अमेरिकेत हाय का? जाऊन येऊ.”

“चाचा, तुमी पण?”

“मी काय म्हनतो, विमान सोड. तुझा बाप साहेबाला तेरहून कुठं न्यायचा? येडशी टेसनावरच ना, गाडीला? मी सोता दोनदा गेलोय संगट.”

बघा, किती सरळ होतं! विमान बाजूला ठेवलं तरी त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. पण मला त्या क्षणी ते ऐकूच आलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की आईच्या त्या फोनवरून मी जीप वळवली तर उद्या गटात काय तोंड दाखवू? तीनदा छापलेलं पत्रक माझं, आणि स्वतःचा बाप हरवला तर शोकेसमधलं विमान बघून धावली.

“नाही. इथंच शोधायचं,” मी म्हणाले.

चाचा नुसतं “तुझी मर्जी” म्हणाले. आणखी भांडले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. पण शिकलेली पोर म्हणून ते माझं ऐकायचे.

दीड वाजेपर्यंत तेरमध्येच फिरलो. मग मी ठरवलं, शहरात जाऊन ‘हरवले आहेत’ म्हणून पत्रकं छापायची. पत्रक छापणं मला येतं ना! त्यात अर्धा-पाऊण तास गेला. अडीचला गठ्ठा घेऊन घरी आले तर दारात चपला. आत माझी मावशी, आणि चटईवर, आईच्या समोर... काजळवाला. त्यानं आईचा अंगठा हातात धरला होता. नखावर काजळ लावून झालं होतं.

“उगवतीला हाय,” तो म्हणत होता. “पान्याजवळ. संग एक मानूस हाय.”

मी त्याच्या अंगावर धावून गेले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मावशी म्हणाली, “अगं भवाने, तुझ्या बापासाठीच बोलावलं ना त्याला! तुझी भाषणं आज तरी बंद कर.” तो मात्र मुकाट्यानं डबी बंद करून निघून गेला. तो निघाला तसा माझा सगळा राग आईकडं वळला. त्याच झटक्यात मी शोकेसकडं बघितलं. विमानाचं तोंड घड्याळाकडं होतं.

“तूच फिरवलंस,” मी आईला म्हणाले. “काजळवाला कमी पडला म्हणून हे.”

आई रडली नाही. पिनेतून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. अंगठ्याचं काजळ किल्लीला लागलं होतं.

“सकाळी बी कुलूप होतं,” ती म्हणाली. “रात्री म्या सोता बघितलं, तोंड भिंतीकडं होतं. सकाळी देवाकडं. काच बंद.”

“मग सकाळीच का नाही सांगितलंस?”

“तुला सांगायचं?” आई माझ्याकडं बघत म्हणाली. “तू तेरला बी गेली नसतीस.”

खरं होतं ते.

पण मी हट्टी. बुवांचे चमत्कार उघडे पाडताना आम्ही करतो तेच केलं. कुलूप स्वतः ओढून बघितलं. पत्रकाचा एक कागद फाडला, दोन्ही काचांच्या जोडावर चिकटवला, त्यावर सही केली आणि वेळ टाकली. दोन पन्नास. विमानाचा फोटो काढला. किल्ली माझ्या खिशात. आईला आणि मावशीला घेऊन सैपाकाच्या खोलीत गेले, तिघी एकत्र. मी पाणी प्यायले. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं, दाराला आतून कडी. पाच मिनिटं, फार तर सहा.

बाहेर आले. सील जसंच्या तसं. सहीवर ओरखडासुद्धा नाही.

तोंड घड्याळाच्या आणखी डावीकडं गेलं होतं. बोटभर.

मोबाईलवरचा फोटो समोर धरून मी ताडून बघितलं. एकदा नाही, चारदा. काचेच्या फळीवर धूळ होती. स्टँड घासत सरकला असता तर धुळीत रेघ उठली असती. रेघ नव्हती. विमान उचलून ठेवल्यासारखं... त्यांच्या पद्धतीनं.

मी पळत बाहेर आले. चाचा जीपमध्येच बसून होते. मी नुसतं ‘येडशी’ म्हणाले. त्यांनी जीप सुरू केली आणि येडशीचा रस्ता धरला.

येडशी स्टेशनवर एका पोर्टरनं फोटो ओळखला. “बारा-साडेबाराला आले होते. साहेबांची गाडी गेली का, म्हनले. म्या म्हनलं, कुठले साहेब? मग लई येळ बसून रामलिंगच्या देवळाकडं चालत गेले. म्या म्हनलं बी, काका ऊन लई हाय, बसा. ऐकलं न्हाय त्यांनी.”

चाचांनी स्टेअरिंगवर हात आपटला. “डब्बा! साहेबाला गाडीत बसवलं की मग आमी दोघं रामलिंगच्या झाडीत डब्बा खायचो. एकच जागा ठरलेली.”

रस्ता सोडून, कोरड्या ओढ्याच्या काठाला ती जागा. चाचा पुढं, मी मागं. अण्णा झाडाच्या बुंध्याला टेकून बसले होते. मे महिन्यातलं झाड, सावली कसली, नुसत्या फांद्यांच्या रेघा अंगावर. पायात एकच चप्पल. चेहरा लालभडक आणि अंग कोरडं. घामाचा थेंब नाही. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

मी बाटलीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. ओढणी भिजवून छातीवर टाकली. “अण्णा! अण्णा, मी आलेय.”

त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती, ते म्हणाले —

“वैशाली. लई येळ केलास गं.”

“अण्णा...”

“कवाच फिरवलं की म्या,” ते म्हणाले. शांतपणे, रागावल्यासारखं नाही. “बघितलं न्हाय का कुनी?”

हे मी जसं ऐकलं तसंच लिहिलंय. चाचांनीही ऐकलंय. ते पाच वेळचे नमाजी, खोटं बोलणार नाहीत.

दोघांनी उचलून त्यांना जीपमध्ये घातलं. माझ्या मांडीवर डोकं. चाचा हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मी ओला कपडा पिळत होते, बोलत होते, काय बोलत होते आठवत नाही. बहुतेक माफी मागत होते. धाराशिवच्या अलीकडं, शहर समोर दिसायला लागलं तेव्हा, अण्णांनी एक मोठा श्वास घेतला. मी पुढच्याची वाट बघत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

“वैशे, आले गं!” तिचा आवाज... लहान मुलीसारखा झाला होता. “इमान भिंतीकडं वळलं. शेपूट दाराकडं झालं बघ! घराच्या जवळच आसतील ते. मी दारातच उभी हाय. अंगुळीला पाणी ठेवलंय त्यांच्या. तू कुठं हायस? तू पण ये लवकर.”

मी फोन कानाला धरून बसले होते. पाच वाजून चार मिनिटं झाली होती. चाचांनी आरशातून मागं बघितलं, माझा चेहरा बघितला आणि जीप बाजूला घेतली.

“वैशे, बोल की. आले ना ते?”

“हो आई,” मी म्हणाले. “आणतेय.”

दवाखान्यात डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. मी एकच विचारलं, दोन-तीन तास आधी आणलं असतं तर? ते माझ्याकडं बघून म्हणाले, “असं विचारू नका.”

रात्री अण्णांना घरी आणलं तेव्हा मी आधी शोकेस बघितली. लाज वाटते, पण आधी तीच बघितली. कागद जिथल्या तिथं. माझी सही, दोन पन्नास. आत विमान, तोंड भिंतीकडं, शेपूट दाराकडं.

आता तुमच्यातले माझ्यासारखे जे आहेत त्यांच्यासाठी. हे सगळं मी स्वतःला विचारून झालंय. हायवेचे हादरे? ट्यूबचे तुकडे अजून घट्ट चिकटलेले आहेत. आणि हादऱ्यांना तेर, येडशी, रामलिंग, घर हे क्रमानं कसं कळलं? उन्हानं फळी प्रसरण पावली? मग वर्षभरात एकदाही का नाही? दुसरी किल्ली? नाही. आईनं केलं? त्या सहा मिनिटांत आई माझ्या समोर होती. माझी स्मरणशक्ती दगा देतेय? असेल, पण फोटो मोबाईलमध्ये आहे. गटातल्या दोघांनी येऊन शोकेस इंचाइंचानं तपासली. त्यातला एक जाताना म्हणाला, “तू हे कुठं लिहू नकोस.” म्हणून लिहितेय.

आणि बाकीच्यांनो, तुम्हीही उड्या मारू नका. तो काजळवाला पूर्णपणे चुकला होता. उगवती नाही, पाणी नाही, सोबत कुणी नाही. त्याच्याविरुद्ध मी आजही उभी आहे आणि राहीन. अण्णांच्या तेराव्याला एक बाई विमानाला हळद-कुंकू वाहायला आली होती, तिला मी दारातून परत पाठवलं. पत्ता विचारू नका, देणार नाही. ते दैवत नाही. ते काय आहे हे मला माहीत नाही. हे वाक्य लिहायला मला एक वर्ष लागलं.

सील मी काढलेलं नाही. विमान त्यानंतर केसभरही हललेलं नाही. आई रोज सकाळी दूध घेऊन आली की आधी तिकडं बघते, तोंड भिंतीकडं दिसलं की चहा ठेवते. दोनच कप भरते, पण तिसरा कप खाली उतरवून ठेवलेला असतो.

पत्रकं मी अजून लिहिते. फक्त ते एक पुन्हा छापायला दिलेलं नाही. त्यात चूक एकही नाही, शब्दन् शब्द खरा आहे. पहिले काही तास लाखमोलाचे असतात, ते वाया घालवू नका.

अकरा ते तीन. चार तास. ते कुठल्या बुवानं नाही घालवले.